तुपाची गाडी

मनमोहनकाकांच्या घरी नवा माणूस आला, खुर्चीत टेकला आणि त्यानं चहाचा कप ओठाला लावला की त्याच्या डोक्यावरून रेल्वे जायची. चहा कुठे सांडतो यावरून माणूस ओळखावा, असं काकांची लेक लीलाताई म्हणायची. शर्टावर सांडला तर भित्रा, बशीत सांडला तर सावध, आणि मुळीच सांडला नाही तर सरकारी.

ठाकुरद्वारच्या आमच्या वाडीत काकांचं घर अगदी टोकाला आहे. तिन्ही खोल्यांच्या भिंतींना छताच्या हातभर खाली लाकडी फळी ठोकली होती, तिच्यावर रूळ होते, आणि रुळांवर हिरवं इंजिन आणि तीन डबे. बाहेरच्या खोलीतून माजघरात, माजघरातून स्वयंपाकघरात, फोडणीच्या धुरातून खोकत बाहेर, आणि पुन्हा पहिल्या खोलीत. मी लहान असताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रडत घरी पळाले होते, असं आई सांगते. मला आठवत नाही. मला आठवतो तो आवाज. तो मी अजून काढते: जिभेचं टोक टाळूला लावून, दात न उघडता, टिकिटिकि टिकिटिकि, आणि भिंतीला भोक पाडून गाडी पलीकडे गेली की गाल आत ओढून, लांबून.

काका गोदीतल्या एका कचेरीत कारकून. उंच, कोटाला आतून आधार नसावा तसे वाकलेले. बोलायचं म्हणजे आधी 'वास्तविक पाहता' म्हणणार आणि मग थांबणार. त्या थांब्यात एखादा माणूस उतरून पाणी पिऊन परत चढेल. त्यांच्या कचेरीतला गोरा साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्यानं व्हरांड्यात सगळं सामान विकायला मांडलं. काकांच्या यशोदाआत्यानं त्यांना शिवणाचं मशीन बघून ये म्हणून धाडलं होतं. काका परतले ते बगलेत बुटांचं खोकं घेऊन. खोक्यात इंजिन.

"शिवेल का ते?" आत्यानं विचारलं.

"वास्तविक पाहता…" काका म्हणाले, आणि तेवढ्यावरच राहिले.

काकांची बायको त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. लीलाताई परकरी. त्यामुळे आत्यानं पुढे काही विचारलं नाही, एवढंच. पण तिला ती गाडी कधी आवडली नाही. यशोदाआत्या म्हणजे माझ्या खांद्याएवढी, पांढरं लुगडं, आणि बोलते ते एका श्वासात. मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. शेवटी 'की नाही बोल' म्हणून श्वास घेते. समोरच्यानं काही बोलावं अशी तिची अपेक्षा नसते.

ही गोष्ट लीलाताईच्या लग्नाची. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. एक दिवस सभा, एक दिवस मोर्चा, एक दिवस हरताळ. आमच्या चौकात भोंगे लागले नाहीत असा आठवडा जात नव्हता. आणि लीलाताईचं जमलं ते नेमकं सचिवालयातल्या एका अधिकाऱ्याच्या मुलाशी. हे अधिकारी म्हणजे अप्पा. राहायला दादर, हिंदू कॉलनी. बोलणी करायला आले तेव्हा ताठ बसले, चहा घेतला, डोक्यावरून गाडी गेली. थेंब सांडला नाही. लीलाताई दारामागून माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ."

अप्पा सरकारी मराठीत बोलतात, नाक जरा वर करून, जणू प्रत्येक वाक्याखाली सही होणार आहे.

"सदरहू गाडी," ते म्हणाले, "काय काय वाहून नेते?"

"वास्तविक पाहता… सुपारी, लवंग. एकदा आमच्या आत्याचा चष्मा."

"तो मी शोधत होते सकाळपासून आणि हा मेला स्वयंपाकघरातून नेऊन बाहेर ठेवतो की नाही बोल," माजघरातून आवाज आला.

"तूप?" अप्पांनी विचारलं.

काकांना कळेना.

"एका संस्थानिकाकडे जेवणाच्या टेबलावर अशी गाडी फिरते, असं आमच्या ऐकिवात आहे. कार्याच्या दिवशी आमच्या पंगतीत तूप वाढण्याचं काम सदरहू गाडीकडे देता येईल काय? केवळ विचारणा."

मी काकांचा चेहरा बघत होते. कोटाला एकदम आतून आधार आला. इतकी वर्षं लोक त्या गाडीला हसत होते, नाहीतर दचकत होते. तिला काम कोणी दिलं नव्हतं.

"शेवटच्या पानापर्यंत नेईन," काका म्हणाले. 'वास्तविक पाहता' न म्हणता. आम्ही सगळे चाट.

पाहुणे गेले आणि आत्या बाहेर आली. "मन्या तू शब्द दिलास तर मीही सांगते तूप पडल्याशिवाय पंगतीत कोणी घास उचलत नाही व्याही हात मांडीवर ठेवून बसणार आणि तुझी ती बया अर्ध्यात मेली तर सगळ्या गिरगावात तोंड काळं तेव्हा शेवटच्या पानाला गाडीनं तूप नाही पोचवलं तर त्या दिवशी ती घराबाहेर मग भंगारात जाऊ दे नाहीतर समुद्रात पण या घरात नाही की नाही बोल."

"ठरलं," काका म्हणाले.

लीलाताई आतल्या खोलीत मला म्हणाली, "नले, हा माणूस वेडा झालाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी गेल्यावर त्यांच्याकडे ती गाडीच तर राहणार होती."

काकांनी भिंतीवरचे सगळे रूळ उतरवले. ते पुरेनात, म्हणून पितळी पट्ट्या कापून, फळ्यांवर ठोकून नवे केले. वाडीच्या बोळात मांडव पडला. मानाची पंगत एका लांब ओळीत बसणार, आणि तिच्यासमोरून, पाटाहून जरा उंच फळीवर गाडी. उंच अशासाठी, की जेवायला बसताना पुरुषमाणसं पानाभोवती पाणी फिरवतात, आणि पाण्याशी विजेचं जमत नाही. या टोकाला स्वयंपाकघराचा दरवाजा आणि काकांचा विजेचा डबा. त्या टोकाला, पंख्याखाली, अप्पांचं पान.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी चाचणी. त्याच दिवशी हरताळ, त्यामुळे सगळी वाडी घरी, आणि सगळी वाडी मांडवात. वाटीत तुपाऐवजी पाणी. आत्या पहिल्या पानाच्या जागी मांडी घालून बसली, तपासणीला.

काकांनी कळ फिरवली. गाडी निघाली. पहिल्या चार-सहा पानांपुढून काय ऐटीत गेली. मग जरा हळू झाली. मग आणखी हळू. माझ्या जिभेचा ताल चुकायला लागला. मांडवाच्या मध्यावर ती म्हाताऱ्या माणसासारखी एकेक पाऊल टाकायला लागली, आणि अप्पांच्या पानाच्या बरीच अलीकडे, काही न बोलता, उभी राहिली.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

काकांनी खिशातून मीटर काढला, इंजिन उचलून बाजूला ठेवलं आणि मीटरच्या दोन तारा तिथल्या रुळांना लावल्या. काटा बारावर. पुरते बारा व्होल्ट. काका मीटरकडे बघतात, इंजिनाकडे बघतात. "वीज आहे," ते म्हणाले. "वीज आहे, आणि गाडी चालत नाही." इंजिन पुन्हा रुळावर ठेवलं. या खेपेला मीटर लावलेलाच होता, आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काटा खाली आला. नऊ, सात, पाच. इंजिन उचललं की काटा वर. ठेवलं की खाली.

मला तर भुताटकीच वाटली. इंजिनाला बघूनच वीज पळून जावी तशी.

काका मात्र जमिनीवर बसले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "वास्तविक पाहता… हे मला आधी कळायला हवं होतं."

मग त्यांनी सांगितलं ते मला जेवढं समजलं तेवढं असं. वीज वापरणारं कोणी नसतं तोवर ती लांबच्या टोकापर्यंत पुरीच्या पुरी दिसते. ओढणारा आला की ती रुळांतून वाहायला लागते, आणि मग वाटेतला एकेक जोड थोडी थोडी खातो. आमच्या हवेनं पितळ काळं पडतं, म्हणून जास्तच खातो. घरी रूळ गोल होते, कुठेही गाडी असली तरी तिला दोन्ही अंगांनी वीज मिळायची. आता गोल उलगडून सरळ केला, तर वीज एकाच बाजूनं येणार, आणि लांबलांब येता येता दमणार.

"म्हणजे एका वाढप्यानं एकाच पातेल्यातून सगळी पंगत वाढल्यासारखं," लीलाताई म्हणाली. हातांना हळद होती तिच्या.

"तसंच."

"मग पातेलं मोठं घे."

इथे काका चुकले. लीलाताईचं त्यांना खरं वाटलं. काकांच्या डब्याला चोवीस व्होल्टांची आणखी एक जागा होती, कधी न वापरलेली. तिथे त्यांनी तार लावली. म्हणाले, सुरुवातीला दुप्पट सोडली की शेवटी बारा उरतील.

शेवटी उरले की नाही कोणाला कळलं नाही, कारण गाडी शेवटी गेलीच नाही. कळ फिरवल्याबरोबर इंजिनानं जी उडी घेतली ती पहिल्या पानापाशीच. डबे एकीकडे, इंजिन दुसरीकडे, आणि वाटी सरळ यशोदाआत्याच्या मांडीत.

आत्या जागची हलली नाही. लुगड्यावरून पाणी ओघळत होतं. तिनं ती वाटी उचलली, पदरानं पुसली, उपडी करून फळीवर ठेवली.

"उद्या यात तूप असेल," ती म्हणाली. चारच शब्द. 'की नाही बोल' नाही. मी तिची नक्कल करायला शिकले त्याला किती वर्षं झाली, पण हा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि तो मला अजून काढता येत नाही.

सगळे गेल्यावर काका म्हणाले, "पातेलं मोठं नको. वाढपी जास्त हवेत." म्हणजे डब्यापासून मांडवाच्या टोकापर्यंत, रुळांच्या खालून एक जाड तार न्यायची, आणि दर दोन-चार पानांवर तिचा एकेक फाटा वर रुळाला जोडायचा. मग वीज रुळांतून रखडत येणार नाही, खालच्या तारेतून धावेल आणि जागोजाग वर चढेल. इतकं सोपं. फक्त मांडवभर तार पाहिजे, दुपदरी. ती लोहार चाळीत मिळते. आणि हरताळामुळे लोहार चाळ कडकडीत बंद.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "येक, दोन, तीन. हॅलो. येक, दोन, तीन."

तो गुणाजी. लालबागचा. गिरणीत पाळी करून उरलेल्या वेळात समितीच्या सभांना भोंगे लावतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या चौकात सभा होती, म्हणून शिडीवर चढून आदल्या दिवशीच बांधाबांध. छातीवर समितीचा बिल्ला. शिडीच्या पायथ्याशी तारेची भेंडोळी, ही एवढी. गुणाजीला माणसाशी बोलतानाही आधी फुंकर मारायची सवय आहे, समोर माइक असल्यासारखी.

काका शिडीखाली जाऊन उभे राहिले. काय म्हणाले ते इतकं हळू होतं की मला ऐकू आलं नाही. गुणाजीचं आख्ख्या चौकाला ऐकू आलं.

"सभेची वायर लग्नाक? काका, समितीची माणसां माका जित्तो खातली."

"सभेच्या आधी परत. ऊन उतरायच्या आत."

"आणि पंगत लांबली तर?"

"वास्तविक पाहता… पंगत वेळेवर उठेल."

गिरगावात लग्नाची पंगत वेळेवर उठलेली कोणी पाहिलीय? गुणाजीनंही नव्हती पाहिली. पण तो शिडीवरून उतरला. काकांच्या कोटाचं बटण तुटलेलं होतं, त्याच्याकडे बघत राहिला. मग फू केलं. "माझां चेडू पण पुढच्या साली लग्नाचां," तो आपल्या लेकीबद्दल म्हणाला. "न्हेवा. पण ऊन उतारलां की मी येतलंय, आणि कोणाक न इचारता गुंडाळतलंय. सांगून ठेवतंय."

त्याची तार बारीक होती. काकांनी दोन-दोन पदर एकत्र पिळून ती जाड केली, पट्टीखालून नेली, फाटे काढले. लीलाताईनं मेंदीच्या हातांनी तारेची टोकं धरली. तिला नको म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. मग मीटर लावला, इंजिन शेवटच्या पानापाशी ठेवलं. काटा जरासा हलला आणि तिथेच थांबला. गाडी त्या टोकापासून या टोकापर्यंत आणि परत. काका तिच्या बाजूनं वाकून चालत गेले, लेकरू पहिलं पाऊल टाकताना बाप चालतो तसे.

लग्नाच्या दिवशी जे जे लांबू शकतं ते सगळं लांबलं. भटजींचा घसा, फोटोवाल्याचा दिवा, नवरदेवाच्या मावशीचा उखाणा, जो तिला आठवेना आणि जो म्हटल्याशिवाय ती उठेना. मानाची पंगत बसली तेव्हा मांडवाच्या फटीतून येणारं ऊन चांगलं तिरपं झालं होतं. पानांवर मीठ, लिंबू, भाताच्या मुदी, मुदींवर वरण. शेवटच्या पानावर अप्पा, ताठ, हात मांडीवर. स्वयंपाकघराच्या दारात यशोदाआत्या. तिच्या हातात तुपाचं भांडं, भरलेलं, पळीसकट. ती ते भांडं घेऊन एक पाऊल पुढे आली की गाडी हरली, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. अप्पांना सोडून.

काकांनी कळ फिरवली.

टिकिटिकि टिकिटिकि. पहिल्या डब्यात तुपाची चांदीची वाटी. प्रत्येक पानापुढे काका गाडी थांबवत, माणूस पळीनं तूप घेई, गाडी पुढे. पंगतीतले मोठे मोठे गृहस्थ, टोप्या घातलेले, मिशांचे, तोंडं उघडी टाकून बघत होते. एक तर तूप घ्यायचंच विसरले. कोणीतरी म्हणालं, "अरे, ही खरंच येतेय." मध्यावरही गाडीचा ताल तोच. माझी जीभ तिच्याबरोबर. चार पानं राहिली. तीन.

आणि गाडी मेली.

मंदावली नाही, दमली नाही. मध्येच कोणी मान मुरगळावी तशी मेली. काका गुडघ्यांवर. मीटर लावला, काटा शून्यापाशी. त्यांचा चेहरा मी परत बघितला नाही.

मांडवाच्या मागच्या अंगाला कापडाआड कोणीतरी स्वतःशी मोजत होतं. "येक, दोन, तीन…" कापड बाजूला झालं. गुणाजी. कोपर आणि अंगठ्यात तार गुंडाळत, एकेक फाटा सोडवत, शेवटच्या पानाकडून पुढे येत, सुटलेली उघडी टोकं एकमेकांना टेकलेली. त्यानं मान वर केली. समोर सबंध पंगत त्याच्याकडे बघत होती. त्यानं पंगत पाहिली, गाडी पाहिली, हातातलं भेंडोळं पाहिलं. फुंकर मारायलाही विसरला.

"ऊन उतारलां," तो म्हणाला. "माका वाटला जेवणां झाली."

अप्पांची नजर त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर. मग तारेवर. मग तारेबरोबर सरकत रुळांखालून काकांपर्यंत. सचिवालयातला माणूस, आणि त्याच्या मुलाच्या लग्नातलं तूप समितीच्या तारेवर चाललेलं. पंगतीतला एक जण दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला. अप्पा आता पानावरून उठणार, असं मला वाटलं. व्याही पानावरून उठला की पुढचं बोलायचं काही राहत नाही. लीलाताई बोहल्यापाशी उभी होती, तिनं माझं मनगट धरलं. अजून वळ दिसेल.

आणि यशोदाआत्या निघाली. हातात तुपाचं भांडं. एक पाऊल. दोन. काकांनी मान खाली घातली.

ती गाडीपाशी थांबली नाही. अप्पांपाशी थांबली नाही. गुणाजीसमोर जाऊन उभी राहिली, त्याच्या कोपराएवढी.

"जेवलास?"

"नाय ओ आते. पण सभेचो टायम…"

"पानं मांडलेली असताना दारात आलेला माणूस उपाशी परत गेला तर माझ्या नातीच्या संसाराला काय लागेल ते लागेल आणि तुझी सभा काय उपाशी पोटी भाषण ऐकणार आहे तिकडे मांड रे पान इकडे शेवटी अप्पांच्या पलीकडे पाट आण बस तू की नाही बोल."

पान आलं. पाट आला. गुणाजी लालबागचा, घामानं भिजलेला, व्याह्यांच्या शेजारी, मानाच्या पंगतीत. आमच्या वाडीनं असं कधी पाहिलं नव्हतं. भटजींनी डोळे मिटून घेतले. गुणाजी तर उभाच राहिला असता, पण आत्यानं त्याच्या हातातलं भेंडोळं घेतलं, आणि मोकळ्या हातांनी उभं तरी किती राहणार? तो बसला. आणि एकदा पानावर बसलेला माणूस सगळी पंगत उठल्याशिवाय उठत नाही. हे मला तेव्हा लक्षात आलं. तार आता कुठेही जाणार नव्हती.

आत्यानं भेंडोळं काकांच्या अंगावर टाकलं. "जोड."

काकांनी जोडलं. टिकिटिकि टिकिटिकि. तीन पानं, दोन, एक. गाडी अप्पांसमोर आली आणि थांबली. अप्पांनी पळीभर तूप भातावर घेतलं. पुढे रूळ नव्हते. पुढे गुणाजीचं पान, त्यावर कोरडी मूद.

सगळी पंगत हात मांडीवर ठेवून बसलेली. अप्पांनी गाडीकडे बघितलं. मग डब्यातली वाटी उचलली, वळले, आणि गुणाजीच्या भातावर स्वतःच्या हातानं तूप वाढलं.

"आमच्या कचेरीत," ते नाक वर करून म्हणाले, "फाईल शेवटच्या टेबलापर्यंत हातानंच न्यावी लागते."

गुणाजीनं फू केलं. दुसरं काय करणार बिचारा.

"सभा कितीला?"

"सांजचे."

"मग सावकाश जेवू नका," अप्पा म्हणाले. "तूर्तास आम्हाला काही माहीत नाही. आम्ही फक्त तूप वाढलं."

पाठवणीच्या वेळी सगळ्यांचे डोळे पुसून झाल्यावर आत्या काकांकडे वळली. "गाडी शेवटच्या पानापर्यंत पोचली की नाही बोल."

आयुष्यात पहिल्यांदा ती उत्तराची वाट बघत थांबली.

"नाही," काका म्हणाले. "वास्तविक पाहता… एक पान आधी थांबली."

"आत्या, ते पान तू मांडलंस, आणि त्यावरून गाडी घराबाहेर?" लीलाताई म्हणाली. नवी नवरी, नथ, आणि भांडायला उभी.

"मांडलं मग शेवटचं ते नाही तर कुठलं शब्द म्हणजे शब्द."

मला धक्का बसला तो इथे. तिनंच काकांना वाचवलं होतं. तिनंच तार परत दिली होती. मग हे काय? काकांनी मात्र वाद घातला नाही. इंजिन उचलून कोटाच्या अस्तरानं पुसायला लागले.

अप्पा खाकरले. "सदरहू गाडी या घराबाहेर जायची, इतकंच ठरलंय, की कुठे जायची हेही?"

"कुठेही," आत्या म्हणाली.

"मग रुखवतात मांडा."

असं ते इंजिन, तीन डबे आणि सगळे रूळ लीलाताईबरोबर दादरला गेले. काका कोट घालून रिकाम्या फळीखाली बसले. मी गेले की म्हणत, "ये नलू," आणि पुढे काही नाही. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. लीलाताईचे निरोप यायचे, काका जायचे नाहीत.

मग अप्पांचा निरोप आला. सदरहू गाडी त्यांच्या भिंतीवर बसवली आहे, परंतु स्वयंपाकघराकडे गेली की मंदावते. कृपया पाहणी व्हावी.

काका त्याच संध्याकाळी गेले. पाहुणे म्हणून नव्हे, कामाला. कामाला आलेल्या माणसानं चहा घेतला तर रीत मोडत नाही, हा शोध अप्पांचा. एक फाटा सैल निघाला. काकांनी तो पक्का केला. पंधरा दिवसांनी दुसरा सैल. पुढच्या महिन्यात तिसरा. काका हैराण. "वास्तविक पाहता… मी स्वतः डाग दिलाय. सुटतो कसा?"

मला वाटलं, लीलाताई. दिवाळीचा फराळ घेऊन मी दादरला गेले तेव्हा तिला स्वयंपाकघरात गाठली आणि म्हटलं, "तूच तारा काढतेस ना?"

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मान वळवून दाराकडे दाखवलं.

बाहेरच्या खोलीत अप्पा स्टुलावर उभे होते. धोतराचा सोगा खोचलेला, तोंडात सांडशीसारखा चिमटा. कॅलेंडर बाजूला सारून त्यांनी मागचा फाटा सोडवला, त्याचं टोक नीट दुमडलं, कॅलेंडर सरळ केलं आणि दोन्ही हातांनी भिंत धरत खाली उतरले. माझ्या तोंडावरचा हात लीलाताईनं काढलाच नाही. काढला असता तर मी ओरडलेच असते.

"सूनबाई," अप्पा नाक वर करून म्हणाले, "तुमच्या वडिलांना निरोप द्या. गाडी पुन्हा मंदावली."

निरोप मीच नेला. अप्पांच्याच आवाजात सांगितला, शब्द न् शब्द. काका ऐकत होते, मान हलवत होते. मी सगळं सांगून टाकणार होते, अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात यशोदाआत्या बाहेर आली आणि तिनं काकांच्या पिशवीत मीटरशेजारी कडी लावलेला डबा ठेवला.

"तूप आहे," ती म्हणाली. "सकाळीच कढवून ठेवलंय. वाटलंच मला, आज बिघडेल."